द्वारकेच्या पाणपोईवरून गोडादऱ्याला

अमळनेरहून सुरतेला जाणारी सकाळची गाडी पकडली तेव्हाच मला परत फिरावंसं वाटत होतं. खिडकीजवळची जागा मिळाली होती, तरी नंदुरबार येईपर्यंत मी तीनदा जागा बदलली. समोरच्या आजोबांनी शेवटी विचारलंच, "ताई, काही हरवलंय का?"

"नाही," मी म्हटलं आणि पुस्तक उघडलं.

पुस्तक म्हणजे आमच्या शाळेच्या ग्रंथालयातली एक जुनी कादंबरी. गेली तीस वर्षं मी ती वर्गातल्या मुलामुलींना वाचून दाखवते आहे. तिची नायिका द्वारका. भाऊ चारचौघांत टाकून बोलतो म्हणून ती माहेर सोडते, गावाबाहेरच्या रस्त्याला पाणपोई घालते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वीस वर्षं पाणी पाजते. शेवटच्या पानावर भावाची बैलगाडी पहिल्यांदाच तिथे थांबते. तो पाणी पितो, पण तिला ओळखत नाही. तीही नाव सांगत नाही. गाडी निघून जाते.

"हा द्वारकेचा स्वाभिमान," असं मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले. आमच्या घरी देव्हारा आहे, पण जीव घाबरा झाला की माझा हात या पुस्तकाकडे जातो. आई गेली त्या वर्षी तर मी ते पोथीसारखं वाचत होते, रोज एक प्रकरण.

सुरतेला निघायचं कारणही हेच पुस्तक. माझा जुना विद्यार्थी संजय सुरतेतल्या लिंबायतमध्ये लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, फिटर आहे. तो आणि त्याचे शेजारी दर रविवारी एकत्र बसून मोठ्याने पुस्तक वाचतात. या हिवाळ्यात त्यांनी द्वारकेची कादंबरी घेतली आणि शेवटावरून त्यांच्यात भांडण लागलं. "बाई, तुम्हीच येऊन सोडवा," असा त्याचा फोन आला.

मी लगेच हो म्हटलं आणि लगेच पस्तावले. सुरतेत, लिंबायतच्या शेजारी गोडादऱ्यात, माझा धाकटा भाऊ प्रकाश राहतो. आम्ही अकरा वर्षांत एकमेकांशी बोललेलो नव्हतो.

नवापूर मागे पडलं, सागाचं रान संपलं, व्यारा-बारडोलीकडे दोन्ही बाजूंना ऊस लागला. चलथाणला गाडी थांबली. साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस गोड वास डब्यात शिरला आणि काय झालं कोण जाणे, मी पिशवी उचलून खाली उतरले. इथूनच परत जायचं, संजयला काहीतरी कारण सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. गाडी गेल्यावर चौकशी केली, तर माझ्या बाजूची परतीची गाडी थेट संध्याकाळी. बाकड्यावर पाच मिनिटंसुद्धा बसवेना. स्टेशनबाहेर उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग होती, तिच्या कडेने चालत मी रस्त्यावर आले.

"बेन, क्यां जवुं छे?" (ताई, कुठे जायचंय?) एका रिक्षावाल्याने हाक मारली. मी तोंड उघडण्याआधीच माझ्या पिशवीवरचं अमळनेरच्या दुकानाचं नाव बघून तो मराठीवर आला. "खानदेशातून आला ना? लिंबायत का गोडादरा?"

दोन्हीपैकी एक नाव घ्यायचं होतं. "लिंबायत," मी म्हटलं.

वाटेत गोडादरा लागलंच. रिक्षातली दोघं तिथे उतरली, एक बाई भाजीची जुडी घेऊन चढली. रिक्षा जेमतेम एक मिनिट थांबली असेल. तेवढ्या वेळात मी रस्त्यावरचा प्रत्येक पुरुष निरखून पाहिला.

संजयच्या बायकोने संध्याकाळी कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि भरीत केलं. संजय पोंक घेऊन आला. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण इथे त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव घालून खातात. भिंतीपलीकडे लूम खडखडत होते. त्यांची घरातली बोली अहिराणी, पण मुलगी मात्र टीव्हीसमोर बसून गुजरातीत बोलत होती.

रविवारी सकाळी दहा वाजता एका घराच्या गच्चीवर सतरंजी पडली. पंधराएक माणसं जमली. संजयने शेवटचं प्रकरण वाचलं. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तीस वर्षांचं तेच सांगितलं: स्वाभिमान, निश्चय, अबोल राहण्याची ताकद. माना डोलल्या. मला बरं वाटलं.

मागे भिंतीला टेकून मंगलाबाई बसल्या होत्या. घरी साड्यांना लेस लावायचं काम करतात, असं संजयने सांगितलं होतं. त्यांना वाचता येत नाही, त्या फक्त ऐकायला येतात. त्यांनी विचारलं, "मग तिन्ही पानपोई त्याच वाटवर काब्रं लाई? दुसरी वाट नही व्हती का?" (मग तिनं पाणपोई त्याच वाटेवर का घातली? दुसरी वाट नव्हती का?)

मी पुस्तक उघडलं. पहिल्याच प्रकरणात लिहिलेलं होतं: गावातून बाहेर जाणारे रस्ते तीन, आणि तिच्या भावाचं शेत यातल्या एकाच रस्त्याला. ते वाक्य मी शेकडो वेळा मोठ्याने वाचलं होतं.

"भांडण यावरूनच लागलं होतं, बाई," संजय हळूच म्हणाला.

मग गायकवाड काका बोलले. रेल्वेतून निवृत्त झालेले, रोज सकाळी बुद्धवंदना घेणारे गृहस्थ. त्यांनी आवाज जराही चढवला नाही. "तिनं सगळ्या जगाला पाणी दिलं, भावाला नुसतं नाव दिलं नाही. दान अर्धं राहिलं. वीस वर्षं ती तहानलेलीच होती. मला तिचा राग येत नाही. वाईट वाटतं."

मी पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं. "बाई विचार करतायत," असं कुणीतरी म्हणालं. चहा आला, तो मी उभ्यानेच संपवला आणि संजयला म्हटलं, "मला गोडादऱ्याला सोड."

आता ते सांगायलाच हवं. आई गेली तेव्हा प्रकाश एक दिवस उशिरा पोहोचला. मी एकटीने सगळं निस्तरलं होतं. दहाव्याच्या दिवशी, सगळे नातेवाईक बसलेले असताना, मी त्याला म्हटलं, "तू आमचा कोणी नाहीस." तो उठला आणि सुरतेला निघून गेला. लोकांना एवढंच माहीत आहे. आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

दुसऱ्या मजल्यावर प्रकाशच्या घराचं दार सुनंदाने उघडलं. माझी भावजय. तिने कपाळापर्यंत पदर घेतला. "या ना आक्का, बठा." (बसा.) मग आत वळून तिने खूप मोठ्याने हाक मारली. मला ते विचित्र वाटलं. तिने कानाला हात लावून दाखवलं. वीस वर्षं लूमच्या आवाजात काम करून प्रकाशला आता कमी ऐकू येतं.

तो बाहेर आला. केस पांढरे, खांदे आईसारखे. माझ्यासमोर सतरंजीवर बसला. सुनंदाने पाणी ठेवलं. मी म्हटलं, "चुकले मी." त्याने कपाळाला आठी घातली. ऐकू गेलं नव्हतं.

"चुकले!" मी ओरडले.

"मी उशिरा आलो हे खरंच होतं," तो म्हणाला. "पण तू तसं बोलल्यावर मला आईसाठी रडता पण आलं नाही, आक्का. आजपर्यंत नाही."

मी अजून उभीच होते, मला बसवत नव्हतं. दारात शेजारच्या दोघी येऊन उभ्या राहिल्या. मी विचार केला, आता नाही तर मग कधीच नाही. आणि जे सांगायचं ते मला ओरडूनच सांगावं लागलं, "आईनं शेवटी तुझं नाव घेतलं होतं! दोनदा! माझं नाही घेतलं! मी तुला सांगितलं नाही!"

शेजारणी मागे सरकल्या. सुनंदा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. प्रकाश उठला, गॅलरीत गेला. कठड्याला टेकून पाठमोरा उभा राहिला. खाली भाजीवाला गुजरातीत ओरडत गेला. मग प्रकाश न वळताच म्हणाला, "पुन्हा सांग. नीट ऐकू आलं नाही."

पहिल्या वेळीच त्याला ऐकू आलं होतं, हे मला माहीत होतं. मी जवळ जाऊन पुन्हा सांगितलं. कितव्या प्रहरी, कशा आवाजात, डोळे उघडे होते की मिटलेले, सगळं. त्याचे खांदे हलू लागले, तेव्हा मी थांबले. "थांबू नको," तो म्हणाला.

मी जेवायला थांबले. त्याने मला क्षमा केली असं तो म्हणाला नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सोमवारी परतीच्या गाडीत मला आयती खिडकी मिळाली, पण उकाई सोडून पुढे गेल्यावर मी दारापाशीच जाऊन उभी राहिले. सगळं मिटलं, मन शांत झालं, असं लिहायला आवडलं असतं. पण तसं झालेलं नाही. अकरा वर्षं परत मिळत नाहीत, आणि प्रकाश उद्या काय ठरवेल ते मला ठाऊक नाही. एक मात्र कळलं. द्वारकेचं तोंड लिहिणाऱ्याने मिटलं होतं. तिला शेवटच्या पानापलीकडे जाता येत नव्हतं. मला येत होतं, आणि मी इतकी वर्षं तिच्या आडोशाला बसून माझ्या भित्रेपणाला तिचं नाव देत राहिले.