खेळातल्या शेताला पाणी
सूनबाईने मला पहारेकरीण नेमलं तेव्हा माझी साठी उलटली होती आणि अक्कल अजून यायचीच होती. ती रोज कुडव्याहून स्कूटीने गोंदियाला नोकरीवर जायची. नऊ वर्षांची नात शाळेतून आली की टॅबलेट मागायची. सुनेने बजावून ठेवलं होतं, गेम चालेल, सोशल मीडिया नाही. मी मान अशी डोलवली, जशी काही सोशल मीडिया माझ्या माहेरचीच.

नातीचा खेळ शेतीचा होता. बी, कोंबड्या, आणि विहिरीतून रोज एकच बादली पाणी, आपल्या शेताला घाला नाहीतर दुसऱ्याच्या. यात काय वाईट? उलट मीच शेजारी बसून धानाची रोवणी शिकवू लागले. खेळात धान नव्हतंच, गहू होता. तरी शिकवत राहिले.

एकदा आम्ही दोन दिवस केशोरीला माझ्या भावाकडे गेलो. परत येऊन पाहतो तर खेळातलं पीक हिरवंगार. नात म्हणाली, दुसरा खेळणारा आहे, पिवळ्या टोपीवाला, तोच पाणी घालून जातो. तू गेली होतीस का त्याच्या शेतात, मी विचारलं. नाही म्हणाली. मला लाजच वाटली. आमच्याकडे कोणी आपल्या रोवणीला एक दिवस आलं, तर आपण त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, एक दिवस जातो आणि त्याला जेवू घालतो. फुकट राबवून घेतलं असं कोणी म्हणू नये. खेळात चिठ्ठी टाकायची सोय होती. मी नातीकडून लिहवून घेतलं, कुडव्याला जेवायला ये, पाण्याच्या टाकीजवळ निळं फाटक, पाचपर्यंत आम्ही दोघीच असतो.

उत्तर आलं, तुम कितने साल की हो? मी म्हटलं, लिही, बासष्ट.

संध्याकाळी सुनेने ते वाचलं आणि ती टॅबलेट घेऊन माझ्याकडे आली.

"आई, घराचा पत्ता काऊन दिला तुम्ही?"

"शेजारी होय तो. खेळातला."

"लेकरू होय का मोठा माणूस, माहीत आहे?"

मला कुठं माहीत. तिने टॅबलेट कपाटात ठेवला. हा गेम नाही, सोशल मीडियाच आहे, म्हणाली. नात रडत मला बिलगली. "आजी, सांग न मम्मीले, गेमच होय म्हणून."

दोघी माझ्याकडे पाहत राहिल्या. कोंबड्या खोट्या, पण पाणी घालणारा खरा माणूस. मग त्याला खेळ कसं म्हणू? पण लपंडावालाही खरीच माणसं लागतात. मला दोघींचंही पटत होतं, म्हणून मी चहा ठेवायला गेले.

आठ दिवस निळ्या फाटकाला कुलूप होतं. कोणी आलं नाही. मग सुनेने टॅबलेट काढून दिला. चिठ्ठ्या बंद, आजी शेजारी, या अटीवर. उघडून पाहिलं तर आमचं शेत हिरवं आणि पिवळ्या टोपीचं वाळून चाललेलं.

"आजी, त्याच्या शेतात पाणी घालू?"

मी म्हटलं, घाल. लगेच म्हटलं, थांब. तिचं बोट तसंच वर राहिलं, आणि मी स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला हाक मारली.