हिराताईंच्या निवट्या

फोन आला तेव्हा मी मासळीबाजारात बोंबलांवरून भांडत होते. बाई कालचे बोंबील ताजे म्हणून गळ्यात मारत होती आणि मी काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. फोनवर शेजारची मनीषा होती. "काकू, हिराताई ओटीवर बसल्यात त्या उठतच न्हाईत. हाका मारते तर बोलत पन न्हाईत." पिशवी तिथेच ठेवून मी रिक्षा केली. भिवंडीतून आमच्या वळ गावाकडे निघालं की गोदामांच्या कंटेनरांमागे अडकायला होतंच. त्या दिवशी मी रिक्षावाल्याला इतकं बोलले, इतकं बोलले... त्याचा बिचाऱ्याचा काय दोष! पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. लोक म्हणाले, पुण्यवान म्हणून असं मरण आलं. मला त्यातलं काही पटलं नाही, अजून पटत नाही. सव्वा महिना झाला, मी घरभर नुसती फिरते आहे. एका जागी बसवत नाही.

हिराताई म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली आणि घरी खाडीतले जीव रंगवले. नाव कधी कुठे छापून आलं नाही. आज मी छापायला देते आहे, पण खरं सांगायचं तर नुसती आठवण म्हणून नाही. खाडीकाठी आमच्या खाजणाचा, म्हणजे भरतीचं पाणी येणाऱ्या चिखलजमिनीचा, एक शेवटचा तुकडा उरला आहे, तिवरांच्या अलीकडचा. तो ताईंच्या नावावर, त्या होत्या तोवर त्यांनी तो कुणाला हात लावू दिला नाही. माझे मालक जाऊन आठ वर्षं झाली. ताईंनी मृत्युपत्र केलं नाही, त्यामुळे आता तो तुकडा माझ्या आणि माझ्या मुलाच्या, प्रशांतच्या, नावावर येणार. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी प्रशांतने कागद आणून टेबलावर ठेवले. त्याला तिथे भराव टाकून गोदाम बांधायचं आहे. त्याची सही झाली आहे, माझी राहिली आहे.

मी या घरात आले ती भिवंडी शहरातल्या मास्तरांची मुलगी. मला चिंबोरी, म्हणजे खेकडा, धरायची कुठून तेही ठाऊक नव्हतं. पहिल्याच महिन्यात हौसेने पौर्णिमेला चिंबोऱ्या आणल्या, फोडल्या तर आत काही नाही. ताई हसून हसून खाली बसल्या. "अगो शैला, पुनवेची चिंबोरी पोकळ असते. आवसेला आणायची. मास्तरांनी येवढं पन शिकवलं न्हाय?" मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागच्या खोलीत गेले तर भिंतीवर एक चिंबोरी काढलेली, पोट उघडं, आतून रिकामी, आणि तोंडावर अगदी माझे भाव! मग कळलं, या बाईला तोंडाने सांगता येत नाही ते ती भिंतीवर सांगते. ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा त्यांनी खडकाला घट्ट चिकटलेलं कालव काढलं होतं, मिटलेलं. वडील गेले तेव्हा नुसता शिंपला. माझ्यावर चिडल्या की नांग्या वर केलेली चिंबोरी. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मी सकाळी उठून आधी भिंत बघायची आणि मग बोलायचं की नाही ते ठरवायची. "ताई, आज चिंबोरी दिसते, मी चहा बाहेरच घेते हां." त्या हसायच्या आणि ब्रशनेच एक नांगी खाली करायच्या. आमची भांडणं अशी मिटायची.

आणि राग नसेल, दुःख नसेल, नुसती तगमग असेल, तेव्हा निवटी. चिखलात उड्या मारणारा तो बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर. ताई म्हणायच्या, "हिला पाण्यात करमत न्हाय नि जमिनीवर पन न्हाय. माझ्यासारखीच हाय मेली."

पुढे खाजणं भरायला लागली. आमचंही मोठं खाजण विकलं गेलं, डंपरमागून डंपर माती पडली, आम्ही पेढे वाटले. घर झालं, गाडी आली, मी नाकारत नाही. शहराकडून येणाऱ्या नाल्याचं पाणी तर असं की आज कापड कुठल्या रंगात बुडवलं ते नाल्यावरून ओळखावं. ताईंच्या भिंतीवरच्या बोयी, खाडीतली ती मासळी, आता कुशीवर पडलेल्या दिसायला लागल्या, कल्ल्यात लूमचे धागे अडकलेल्या. शाळेत त्या मुलांना म्हणाल्या, "खाडी निळी काढायची न्हाय. जाऊन बघा नि असेल त्या रंगाची काढा." मुलांनी जांभळी काढली, काळी काढली, एकीने अर्धी लाल अर्धी हिरवी काढली. एक पालक तक्रार घेऊन आले, पोरांना घाण काढायला शिकवता म्हणून. ताईंनी त्यांना चहा पाजला आणि चला, खाडीवर जाऊन येऊ म्हणाल्या. ते काही गेले नाहीत.

आता मला जे सांगायला जड जातंय ते सांगते. प्रशांतच्या हळदीआधी घराला रंग काढला. आमच्याकडे हळद म्हणजे अख्खा गाव, पाहुणे घरभर फिरणार. रंगाऱ्याने विचारलं, "काकू, मागच्या खोलीचं काय?" ताई शाळेत होत्या. मी म्हटलं, मार. चुकून झालं असं मी लोकांना सांगत आले, पण चुकून झालं नव्हतं. व्याह्यांनी भिंतीवर मेलेले मासे बघितले असते, याची मला लाज वाटत होती. क्रीम रंगाचे दोन हात... संध्याकाळी ताई आल्या, दारात उभ्या राहिल्या. मी पायाच पडायला गेले, रडायलाच लागले. त्यांनी मला धरलं नाही.

"रडतेस कशाला? खाडी बुजवली तवा पेढे वाटलेस. ही भिंत तर बारा फुटांची हाय."

मला राग आला. हो, मला! मेलं, आपण एवढी माफी मागतोय आणि ही बाई टोमणे मारते. दोन दिवस मी चहा बाहेरच घेतला. हळदीला मात्र ताई अंगभर हळद लावून नाचल्या, सगळ्यांच्या पुढे. भिंतीवर पुन्हा काही काढलं नाही. लूमवाल्याकडून कोरं जाडं कापड आणायच्या, त्यावर रंगवायच्या आणि गुंडाळून कपाटात ठेवायच्या. मी मागितलं नाही, त्यांनी दाखवलं नाही. बोलणं पूर्ववत झालं, हसणं झालं, पण त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळायचं बंद झालं. सहा वर्षं एका घरात राहिलो आणि मला कळत नव्हतं.

त्या गेल्यावर गुंडाळ्या उघडल्या. सगळ्या निवट्या. मोठ्या, छोट्या, झेप घेणाऱ्या, चिखलाबाहेर नुसते डोळे काढून बघणाऱ्या. एकही चिंबोरी नाही. माझ्यावर राग उरला नव्हता म्हणून? की मी रागावण्याच्याही लायकीची राहिले नव्हते? कुणाला विचारू? आणि मृत्युपत्र का केलं नाही? शाळेचं हजेरीपत्रक घोटून लिहिणारी बाई हे विसरेल? मला वाटतं, मुद्दाम माझ्यावर सोडलं. मग वाटतं, शैला, तू स्वतःला फार मोठी समजतेस.

प्रशांत वाईट मुलगा नाही. तो म्हणतो, "आई, चारी बाजूंनी गोदामं झाली. मध्येच तेवढा तुकडा ठेवून काय निवट्या पाळायच्या?" परवा मी तिथे जाऊन आले. ओहोटी होती. आधी काही दिसेना, मग चिखल हलला, आणि मग दिसल्या... दहा, वीस, मोजवेनात. शेजारच्या गोदामाच्या वॉचमनने हटकलं, "मॅडम, क्या ढूँढ रही हो?" मी म्हटलं, "कुछ नहीं भैया, अपनी ही जगह है." आणि तिथेच हमसून हमसून रडले. तो बिचारा पाण्याची बाटली घेऊन आला.

गेल्या आठवड्यात सून गच्ची धुवायला गेली आणि टाकीमागे झाकून राहिलेली एक बादली घेऊन खाली आली, मोरीत ओतायला. मी अशी ओरडले की पोर घाबरली. ताईंची ती रीत होती. ब्रश धुतलेलं पाणी त्यांनी कधी मोरीत जाऊ दिलं नाही. मोरीतून नाल्यात, नाल्यातून खाडीत जातं म्हणून. ते सगळं या बादलीत, बादली गच्चीवर उन्हात. पाणी उडून गेलं की तळाचा रंग खरवडून डब्यात भरायचा. आम्ही किती चिडवायचो, डाइंगवाले टँकरने सोडतात आणि तुमचा हा पेलाभर! त्या म्हणायच्या, "त्यांचं ते बघतील. माझा पेला माझा." बादलीत चार बोटं पाणी होतं, राखाडी, शेवटच्या दिवसाचं. मी ती परत वर नेऊन उन्हात ठेवली.

त्या संध्याकाळी प्रशांतने पुन्हा विचारलं. मुलाला तोंडावर नाही म्हणायची माझ्यात धमक नाही, आणि सही करायला हात उचलत नाही. मी म्हटलं, "आत्याचं तेवढं पाणी सुकू दे, मग करते." तो समजूतदारपणे बरं म्हणाला. हल्ली कामावरून आला की आधी गच्चीवर जाऊन बघून येतो. ऊन कडक आहे. चारांची तीन बोटं झाली, मग दोन.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. मी वर गेले आणि बादलीत तांब्याभर पाणी ओतून आले.