सागाच्या सालीवरचे सतरा दाणे

अमरावतीच्या एका कॉलेजात पौर्णिमा गावंडे बावीस वर्षं बुरशी आणि स्लाइम मोल्ड शिकवत होती. हा दुसरा प्रकार म्हणजे ना बुरशी, ना झाड, ना जनावर. कुजक्या लाकडावर आधी लगद्यासारखा सरपटतो, मग मोहरीएवढे दाणे धरतो. एवढं सांगून होईस्तोवर ऐकणारा उठून गेलेला असे. दर्यापूरचे नातेवाईक मात्र तिला शास्त्रज्ञ मानत, म्हणजे बुरसलेलं लोणचं घेऊन येत. "ताई, खाचं का फेकाचं?" तीही बरणी हुंगून न्यायाधीशाच्या चेहऱ्यानं निकाल देई. तेवढीच तिची प्रॅक्टिस.

त्या रविवारी धारणीच्या जंगलात सागाच्या सालीवर तिला सतरा मोतिया दाणे दिसले. कुठल्याच पुस्तकात नसलेले! परतताना जीपमध्ये तिनं डबी मांडीवर अशी जपून धरली, की शेजारची बाई म्हणाली, "प्रसाद हाय का वो?" घर यायच्या आत तिनं नव्या प्रजातीला आईचं नाव देऊन टाकलं. अकोल्याला शनिवारी परिषद होती, तिचा वर्गमित्र गजेंद्र ती भरवत होता. तिथं आपण ही प्रजाती जाहीर करतोय, असं त्याला फोनवर सांगूनही टाकलं.

घरी आईनं, सुभद्राबाईंनी, डबीत डोकावून पाहिलं. "पोरी, हे तं अंडे व्हय."

"आई, म्या यातच पीएचडी केली."

"केली असशीन. म्या तीस वर्सं कपाशीवरच्या अळ्या येचल्या. एक फोडून पाह्य."

"मंग सोळाच उरतीन ना!"

दाणा फोडला की आत बीजाणूंची पूड दिसते, हे ती पहिल्या वर्षाच्या पोरांना घोकून घेई. स्वतःवर वेळ आली, तर हात धजेना. चार दिवस तिनं दाण्यांचे नुसते फोटो काढले. बावीस वर्षांत नावावर लागणारी ही पहिली गोष्ट. पूड निघाली नाही तर?

शुक्रवारी गजेंद्रचा फोन आला. "फ्लेक्सवर तुहा फोटो टाकून राहिलो. नक्की हाय ना?"

'नक्की' म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "दहा मिनिटं थांब."

सुई टोचली. पूड नाहीच. पाणी निघालं, आणि त्या पाण्यात काळ्या डोक्याची इवलीशी वळवळ.

"पाह्यलं?" आई पाठीमागेच उभी होती. "आन् याले माहं नाव देऊन राह्यली होती!"

शनिवारी पौर्णिमानं तेच फोटो पडद्यावर लावले. "ही माझी नवी प्रजाती. काल एक दाणा फोडला. अंडं निघालं." सभागृह खदखदून हसलं. तिच्या भाषणात एकानंही डुलकी घेतली नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

मागच्या रांगेतून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कोणत्या किड्याचं?"

"माहीत नाही," पौर्णिमा म्हणाली. मग पर्समधून डबी काढली. "सोळा उरलीत. ये, बघ बरं तुला काय वाटतं."