उन्हात ठेवलेली बियर

आमच्या हसनाबादकडे निजामाच्या राज्यात गरिबाची बियर म्हणजे शिंदी. शिंदीच्या झाडाला मडकं बांधायचं आणि रसानं भरलेलं पहाटे उतरवायचं. सकाळी ती गोड, लेकरांनाही घोटभर चालायची. ऊन चढलं की तिला फेस यायचा, आणि दुपारपर्यंत ती अशी तयार व्हायची की पिणारे कलालाच्या दुकानासमोरच आडवे! माझे वडील आणि काका दोघेही तिचे निस्सीम भक्त. बाईमाणसानं असलं लिहू नये म्हणतात. न लिहायला काय झालं? वास तर आम्हीच घेत होतो.

पुढे जालन्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागलेली माणसं गावाकडे आली की शिंदीला नाकं मुरडू लागली. तिकडे स्टेशनाजवळ बाटलीतली बियर मिळायची. त्यातलेच एक माझे होऊ घातलेले सासरे. ते भेटेल त्याला सांगायचे, "शिंदी बिलकुल सोडली. आता फकस्त बीर."

मला हे स्थळ हवं होतं, अगदी मनापासून. मुलगा मी पिंपळगावला रेणुकाईच्या जत्रेत पाहिला होता. टोपीत रेवड्या घेऊन एकटाच खात उभा होता. मी बघतेय हे कळताच गडबडीत त्यानं टोपी तशीच डोक्यावर घातली. रेवड्या सगळ्या अंगावरून खाली. त्या दिवसापासून दुसरं कुणी नजरेत भरेचना.

म्हणून सासरे मला बघायला येणार म्हटल्यावर वडिलांनी जालन्याहून बियर आणली, त्यातल्या त्यात स्वस्त. आमच्या घरात तोवर कुणी ती पाहिलीही नव्हती. पाहुणे दुपारी येणार, तेव्हा वडिलांनी सकाळीच विळ्यानं बाटल्यांची बुचं उडवली, सगळी बियर मडक्यात ओतली, तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं उन्हात ठेवलं.

"दुपारपस्तोर बराबर चढंल," ते म्हणाले.

ओतताना केवढा फेस आला होता! काकांनी खुशीत मिशीला पीळ दिला. पण थोड्या वेळानं फडकं उचलून बघतात तर फेस पार बसलेला.

"दादा, ही तर मरून राह्यली."

"जरा ऊन लागू दे. जल्दी करू नगं."

ऊन लागलं. मडकं तापलं. बियर काही हलेना. शेवटी काका उठले, तांब्याभर कालची शिंदी आणली आणि विरजण म्हणून आत ओतली. मंग काय, फेस वर आला! गाय व्याल्यावर हसतात तसे दोघं भाऊ हसले.

सासरे आले ते कोट घालून. बाजेवर ताठ बसले, कोटाचं बटण काढायला तयार नाहीत. "इचार करून कळवतो," असंही म्हणून झालं. त्याचा अर्थ गावात शेंबड्या पोरालाही कळतो. दाराआड मी हातातलं सुपारीचं तबक खाली ठेवून दिलं.

तेवढ्यात वडिलांनी पेला पुढे केला. सासऱ्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. दुसऱ्या पेल्याला कोट उतरला. तिसऱ्याला ते बाजेवरून खाली मांडी घालून बसले आणि गावाकडच्या म्हशीच्या गोष्टी सांगू लागले. मला सुपारीचं तबक घेऊन बाहेर बोलावलं तेव्हा तर स्वारी भलतीच रंगात होती.

"असली बीर! जालन्यातसुदिक अशी मिळत न्हाई. कुठून आणल्ती? पोरगी पसंत हाय, पर लग्नात हीच बीर पायजे."

"आणू की!" वडील म्हणाले. काकांना ठसका लागला.

मला भर मांडवात काय होणार ते डोळ्यांसमोर दिसलं. खरी बियर आणली तर ही ती नव्हे म्हणणार, मडकं आणलं तर जालन्याचा कुणीतरी ओळखणार, आणि दोष जन्मभर माझ्या माथी. मला राहवेना.

"मामा, त्यात शिंदी हाय. कालची."

वडील पांढरेफटक. आता हे उठणार, कोट घालणार, माझ्या तोंडानंच माझं वाटोळं केलं, असं वाटून मला रडू फुटायच्या बेतात होतं.

सासऱ्यांनी पेल्यात बघितलं. मग हळूच म्हणाले, "लई दिस झाले पोरी, ती कडू बीर डोळे मिटून गिळतो. शिंदी पितो म्हणलं की तिकडं लोक गावंढळ म्हणत्यात." आणि पेला पुढे सरकवला. "आण आजून."

त्या घटकेपर्यंत मला फक्त नवरा हवा होता. आता सासराही हवासा वाटला.