बापूच्या ट्रॅक्टरमधली फ्रेंच बाई

ढोकीला कारखान्यावर उसाच्या ट्रॅक्टरची लाइन लागली की आमचं गाव तिथंच वसतं. तिथं माणसाला करायला काय असतं? चहा प्यायचा, तंबाखू मळायची आणि कुणाची तरी उडवायची. ऊस गाळून संपतो, किस्से काही संपत नाहीत. त्यातले निम्मे आमच्या माकणीच्या बापूचे.

आमच्यात प्रत्येक ट्रॅक्टरचं एक गाणं ठरलेलं असतं. नंबर कोण बघतो? गाणं ऐकलं की कोण आला ते कळतं. बापूनं तामलवाडीहून जुना ट्रॅक्टर घेतला, तर त्याच्या टेपमध्ये सीडी अडकलेली. बाई गायची. गळा गोड, पण भाषा ना हिंदी, ना इंग्रजी, ना कानडी. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, भाचा बोटीवर नोकरीला होता, त्यानं आणली असंल.

बापू सलीमचाचा मिस्त्रीकडं गेला. चाचांनी टेपला कान लावला, दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "सीडी निकालता हूँ तो टेप जाता. टेप रखता हूँ तो बाई रहती. बोलो, क्या करूँ?"

टेप बंद केला की बापूला डुलकी लागते, आणि लाइनीत डुलकी लागली की मागचा पुढं घुसतो. बाई राहिली.

*

पुढं असं झालं की बाई गायला लागली म्हणजे बापू हलला, बापू हलला म्हणजे लाइन हलली, हे सगळ्यांच्या डोक्यात बसलं. एकदा बापूनं नुसता टेपचा आवाज तपासला. मागच्या सगळ्या गाड्यांनी धडाधड इंजिनं चालू केली. पुढं जागा तर एका फुटाची नाही! वॉचमन पळत आला, काय झालं म्हणून विचारायला लागला. आता त्याला काय सांगणार, बाई गायली म्हणून?

*

एका लग्नात ऐन वरातीत डीजे बंद पडला. नवरदेवाच्या बापानं बापूचा ट्रॅक्टर पुढं लावला. गाणं सुरू झालं आणि नवऱ्याकडची पोरं बेभान नाचायला लागली. तेच गाणं ऐकून नवरीच्या आत्याला हुंदका फुटला, मग नवरीला, मग सगळ्या बायकांना. नवरदेवाचा बाप घाबरून बापूच्या कानाशी आला. "गाणं आनंदाचं हाय का दुखाचं, तेवढं सांग. म्हंजी मला तसं तोंड करता यील."

बापूलाही माहीत नव्हतं. मधलं काहीतरी तोंड करा म्हणाला.

*

इथवर गंमत होती. पण एक दिवस शालनवहिनी, म्हणजे बापूची बायको, बिथरली. गावातल्या बायकांनी तिला चिडवलं होतं, तुझा नवरा दिवसभर दुसरीचंच ऐकतो म्हणून. वहिनीनं फर्मान काढलं. ती बाई काय म्हणते ते सांगा, तवर ट्रॅक्टर अंगणात आणायचा नाही.

ट्रॅक्टर वेशीबाहेर राहिला. दोन दिवसांत डिझेल चोरीला गेलं, मग बॅटरी गेली, ती उसनवारी करून नवी बसवली. बापूचा संसार त्या ट्रॅक्टरवर, आणि घरात वहिनी भाकरी वाढायची पण बोलायची नाही. माणूस सुकून गेला. आम्हीही चेष्टा बंद केली.

बापूनं हायस्कूलच्या गुरुजींना गाठलं. गुरुजींनी मोबाइल टेपसमोर धरला. मोबाइल म्हणाला, भाषा फ्रेंच आहे. पुढं एकदा म्हणाला प्रेम, एकदा म्हणाला पाऊस, आणि तिसऱ्यांदा म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. बापू रडकुंडीला आला. "गुरुजी, ह्यातलं कुटलं सांगू घरी?"

*

शेवटी पाना शोधताना टूलबॉक्सच्या तळाशी त्या सीडीचं कव्हर सापडलं, ग्रीसनं माखलेलं. बापू ते घेऊन, गुरुजींना आणि मला साक्षीला घेऊन घरी निघाला. ट्रॅक्टर दाराबाहेर उभा केला. बाई गातच होती.

गुरुजींनी चष्मा लावून कव्हरवरचं इंग्रजी वाचलं आणि वहिनीला समजावून सांगितलं. ही पुढं जगभर गाजलेली गायिका. इंग्रजीत गायला लागली ती नंतर. त्याआधी, पोरवयात, फ्रेंचमध्ये गायलेली तिची गाणी मागाहून कुणीतरी एका ठिकाणी गोळा केली, ती ही.

वहिनीनं कव्हर हातात घेतलं. पदरानं ग्रीस पुसलं. खाली फोटो निघाला. सोळा-सतरा वर्षांची पोर, आखडून उभी, फोटोवाल्यानं हस म्हणाल्यावर हसलेली. वहिनीनं फोटो उजेडाकडं धरला.

"हे तर लेकरू हाय की," वहिनी म्हणाली.

आम्ही तिघांनी मान हलवली.

मग ती बापूवर उखडली. "आन् तुमी हिला दिवसभर उन्हातानात लायनीत गायला लावताव व्हय? गाडी आत घ्या आधी. आन् आवाज बारीक करा, घसा बसंल तिचा."

मग बापू गुपचूप उठला, आवाज बारीक केला आणि ट्रॅक्टर अंगणात घेतला.