बहिणीचा चौकोनी कंस

मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते माझ्या वर्गाच्या दारात. धाकट्या बहिणीचा घरी राहिलेला डबा द्यायला तो आला होता. डबा हातातच राहिला आणि हा फळ्याशेजारी लावलेले चाचणीचे गुण वाचत उभा. बहीण सगळ्यात वर होती.

"बाई, पेपर सोपा होता का?"

"नाही, अवघडच होता," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. डबा माझ्या टेबलावर ठेवून तो निघून गेला.

पुढे ते कुटुंब आमच्याच इमारतीत राहायला आलं, त्यामुळे त्याचं पुढचं सगळं मला आपसूक कळत गेलं. आता मोठा होऊन तो लिस्प नावाच्या जुन्या संगणकभाषेत प्रोग्राम लिहितो. त्या भाषेत सगळाच मजकूर कंसात बसलेला, म्हणून कचेरीत त्याला कंसमामा म्हणतात. रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या ड्यूट्या लावून देणं हे त्यांच्या कचेरीचं काम, आणि तिथे त्याचा मान होता तो मॅक्रोंमुळे.

मॅक्रो म्हणजे काय, ते त्यानं मला माझ्याच स्वयंपाकघरात समजावलं होतं. "बाई, साधा प्रोग्राम गणित सोडवतो. मॅक्रो सोडवत नाही. तो ते न सोडवलेलं गणितच हातात घेतो, उकलतो आणि नव्यानं मांडून पुढे देतो."

"म्हणजे मांडणी तुझी, उत्तर दुसऱ्याचं."

"मांडणीतच सगळं असतं, बाई." इतकं खुललेलं मी त्याला क्वचितच पाहिलं.

मग धाकटी त्याच कचेरीत लागली आणि थोड्याच दिवसांत तिनं रीडर मॅक्रो लिहिला. मॅक्रोच्याही अलीकडे एक पायरी असते. संगणकातला रीडर नावाचा भाग मजकूर एकेक अक्षर वाचत येतो. अमुक चिन्ह दिसलं की वाचण्याची रीत बदल, असं त्याला शिकवता येतं. धाकटीनं त्याला चौकोनी कंस शिकवला. त्या कंसात रुग्णालयाची मेट्रन, म्हणजे परिचारिकांची प्रमुख, आपल्या सवयीनं ड्यूट्या लिहू लागली: आधी 'सकाळ', पुढे दोन टिंबं, मग नावं. साहेब खूश, मेट्रन त्याहून खूश.

दादा मात्र बहिणीला पाण्यात पाहू लागला. आई जेवताना धाकटीचं कौतुक करू लागली की हा ताटावरून उठायचा. "दार रंगवलं म्हणजे घर बांधलं असं होतं का?" मला जिन्यात गाठून म्हणाला. मी म्हटलं, "दार चांगलं रंगवलंय का, ते तरी बघितलंस?" तर म्हणे, तिचं काय वाचायचंय.

त्यातच नव्या रुग्णालयाचं काम आलं आणि साहेब त्यासाठी प्रमुख नेमणार असं ठरलं. ती खुर्ची त्याला हवी होती. त्याहूनही, ती धाकटीला मिळायला नको होती. रीडरला हात न लावता, नुसत्या मॅक्रोनं तेच काम करून दाखवतो, असं त्यानं साहेबांना सांगितलं आणि इरेला पेटून लिहिलंही. घरी ते सुरळीत चालायचं, कारण तपासताना ड्यूट्यांचा तक्ता तो स्वतःच लिहायचा आणि टिंबं द्यायचाच नाही.

दाखवायच्या दिवशी टंकायला बसली मेट्रन. तिनं 'सकाळ' लिहिलं, सवयीनं दोन टिंबं दिली आणि प्रोग्राम तिथेच अडला. त्यानं सगळ्यांसमोर मॅक्रो उघडला, टिंबं गाळून टाकायची सोय केली. पुन्हा तीच चूक. पुन्हा मॅक्रो उघडला. मेट्रननं घड्याळाकडे पाहिलं.

धाकटी त्याच्या खुर्चीमागे येऊन हळूच म्हणाली, "दादा, ते तुझ्या मॅक्रोपर्यंत पोचतच नाहीये. वाचतानाच अडतंय."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाहीये रे. त्या टिंबांचा लिस्पमध्ये वेगळाच अर्थ असतो, हे तुला का मी सांगायचं? म्हणून तर मी तेवढं रीडरमध्ये केलं. माझं नुसतं वाचतं आणि तुझ्या मॅक्रोच्या हातात देतं. ड्यूट्या, रजा, बदल्या, सगळं तुझंच करतं. बघितलं नाहीस का तू?"

त्यानं बघितलं नव्हतं. तिचा प्रोग्राम त्यानं कधी उघडलाच नव्हता. ज्या प्रोग्रामवर तो इतके दिवस जळला, त्या प्रोग्रामच्या पोटात ह्याचंच काम बसलेलं होतं. हे मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की ती 'हळूच सांगितलं' म्हणते आणि तो 'सगळ्यांदेखत' म्हणतो.

साहेबांनी तिलाच नेमलं. तिनं आधी दादाचं नाव सुचवलं होतं. हे कळल्यावर तो जास्तच चिडला. "बाई, तिनं दिलेलं मला नकोय," म्हणाला. मी त्याच्यापुढे चहा ठेवला.

हल्ली तो बहिणीच्या हाताखाली काम करतो. मॅक्रो अजूनही तोच लिहितो, आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडे पाठ करून खिडकीजवळच्या टेबलावर बसतो.