पातूर रस्त्यावरचं विमान

हिवरखेडच्या खुशालरावांनी विमान घेतलं तेव्हा भावकीला वाटलं, लढाईत यांच्या डोक्यावर परिणाम झाला. माळ्याचं घर, केळीची बाग. त्यात विमान कुठं ठेवणार? पण खुशालराव लढाईची चार वर्षं हवाई दलात फिटर होते, आणि एका साहेबाच्या कृपेनं उडवायलाही शिकले होते. शेहेचाळीस साली सरकारनं जुनी विमानं लिलावात काढली. त्यातलं फाटक्या पंखांचं, दोन माणसांचं एक विमान त्यांनी उचललं आणि पंख सोडवून, रेल्वेच्या डब्यात घालून अकोल्याला आणलं.

पातूर रस्त्याला महादेवराव जिनिंगवाल्यांचं मोकळं गोदाम होतं. त्यांनी ते हौसेनं दिलं. खुशालरावांची बायको मनकर्णाबाई तिथंच राहायला आली. पंखांच्या लाकडी फासळ्यांवर नवं कापड चढवून तिनं ते मेणाच्या दोऱ्यानं शिवलं, तीन-तीन इंचांवर एक गाठ. एका पंखाचे टाके सैल वाटले तेव्हा कुणी न सांगता तिनं सगळे उसवले. कापड ताठ व्हावं म्हणून वर रोगण लावलं, त्याला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा वास होता.

डिसेंबरात अमरावतीला शेतकी प्रदर्शन भरणार होतं. महादेवरावांनी परस्पर जाहीर करून टाकलं की आपलं विमान वरून फुलं टाकणार. आदल्या दिवशी ते चार पाहुणे घेऊन गोदामात आले.

"उद्या सकाळी निघा, खुशालराव."

"नाई जमत. टाकीचा सांधा पाझरून राहिला. टाकी डोक्यावर असते अन् इंजिन समोर. आग इझवायचं नळकांडं अजून आलं नाई. बसायचे पट्टे उंदरानं कुरतडले, नवे मागवले हायेत."

"पट्टे काहून पायजेत? बैलगाडीत पट्टे बांधता का?"

"बैलगाडीतून पडलं तर मानूस धूळ झटकून उठते, मालक."

पाहुणे हसले. महादेवरावांचा चेहरा लाल झाला. "माळ्यानं मले शिकवू नये. तुमाले भेव वाटत असन तर माह्या भाच्यापाशी लायसन हाय. तो उडवन. गोदाम माहं हाय."

खुशालरावांनी पाना घेतला, विमानाच्या नाकावर चढले आणि पाहुण्यांच्या देखत एकेक बोल्ट सोडवून पुढचा फिरता लाकडी पंखा उतरवला. तो खांद्यावर टाकून ते दारापाशी आले.

"गोदाम तुमचं, जागा सोडतो. विमान माहं हाय. उडन तवा धड उडन."

मनकर्णाबाईनं बोल्ट पदरात बांधले आणि त्यांच्या मागोमाग निघाली.

प्रदर्शनात फुलं पडली नाहीत. अकोल्याच्या बाजारात लोक खुशालरावांना विचारू लागले, "काहो, तुमच्या इमानाले पट्टे भेटले का?" ते सरळ सांगत, "नाई अजून. भेटले की सांगतो." बैल जुंपून त्यांनी विमान अकोल्याबाहेरच्या एका पडीत रानात नेलं, वर ताडपत्री टाकली. टाकीला नवा सांधा घातला, पेट्रोल भरून आठ दिवस खाली कोरा कागद ठेवला. एकही डाग पडला नाही. पट्टे आले, नळकांडं आलं.

मार्चात नागपूरहून विमानं तपासणारे सरकारी तपासनीस आले. पंखाची शिवण बघून म्हणाले, "हे कोणत्या कारखान्यातून करून घेतलं?"

"म्या शिवलं," मनकर्णाबाई म्हणाली. "ओढून पाहा ना."

साहेबांनी खरंच ओढून पाहिलं, वाकून प्रत्येक फासळी मोजली. दुपारी त्यांनी उड्डाणाच्या परवानगीच्या कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई पुढच्या जागेवर बसली. खुशालरावांनी तिचे पट्टे दोनदा ओढून बघितले, मग स्वतःचे. विमान रानातून उठलं, अकोल्यावर एक फेरी मारून उत्तरेला हिवरखेडपर्यंत गेलं आणि तासाभरानं परत उतरलं. तोवर पडीतात जत्रा जमली होती. खुद्द महादेवराव हार घेऊन सगळ्यांच्या पुढं धावत होते.

पंखा अजून गरगरत होता. खुशालराव जागेवरून अर्धे उठले आणि जीव खाऊन ओरडले, "मांगं हटा! कोनी असो, मांगं हटा आधी!"

महादेवराव होते तिथंच थांबले.